स्टेपनी आणि फाळका

मोटारीच्या राखीव चाकाला मराठीत स्टेपनी म्हणतात. ट्रकवाले, जीपवाले, पंक्चरवाले, सगळ्यांच्या तोंडी हाच शब्द. ऐनवेळी कामी येणाऱ्या राखीव माणसालाही तो चिकटतो. शब्द इंग्रजी वळणाचा, पण आजच्या लंडनमध्ये गाडी पंक्चर झालेल्याने ‘स्टेपनी कुठे मिळेल’ असे विचारले, तर त्याला बहुधा त्या नावाच्या वस्तीकडे जाणारी भुयारी रेल्वे दाखवली जाईल. हा शब्द जिथे जन्मला तिथे तो मेला. जगला तो भारतात, बांगलादेशात, माल्टात आणि थोडे रूप बदलून ब्राझीलमध्ये.

जन्मगाव वेल्समधले लानेली. पत्र्याच्या कारखान्यांसाठी हे गाव नावाजलेले. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर टॉमस मॉरिस डेव्हिस आणि वॉल्टर डेव्हिस या भावांचे दुकान होते. १९०४ च्या सुमारास त्यांनी एक जोडचाक काढले आणि त्याला रस्त्याचेच नाव दिले. त्या काळी मोटारीचे चाक सहज निघत नसे. रस्त्यावर घोड्यांच्या नालांचे खिळे पडलेले. टायर फुटला की तो तिथेच धुळीत बसून रिमवरून उपसायचा, ट्यूबला ठिगळ लावायचे, पुन्हा चढवून हवा भरायची. डेव्हिस बंधूंच्या चाकाला आरे नव्हते, तुंबाही नव्हता. हवा भरलेला टायर चढवलेली ती नुसती धाव होती. फुटलेले चाक तसेच ठेवून ही धाव त्याच्या शेजारी पकडींनी आवळायची आणि घर गाठायचे. आजच्या अर्थाने हे बदली चाक नव्हतेच. लग्नात नवरीसोबत पाठराखीण जाते, तसे ते अडलेल्या चाकाच्या सोबतीला जाई.

रस्त्याचे नाव आले स्टेपनी या जमीनदार घराण्यावरून. लानेलीतली बरीच जमीन या बॅरोनेट घराण्याची. त्यांच्या आडनावाचे जुने रूप स्टेपनेथ, आणि ते लंडनच्या पूर्वेकडील स्टेपनी गावावरून पडले असावे असे मानायला काहीच हरकत नाही. त्या गावाचे सुमारे हजार वर्षांपूर्वीचे नाव स्टिब्बनहिथ, म्हणजे ‘स्टिब्बाचा धक्का’: स्टिब्बा नावाच्या कुणाची तरी होड्या लागायची जागा. मुंबईकराला हे नाव समजावून सांगावे लागत नाही. त्याच्याकडे भाऊचा धक्का आहे. धक्क्यावरून गाव, गावावरून आडनाव, आडनावावरून रस्ता, रस्त्यावरून चाक, अशी ही वंशावळ. तिची मराठी गाठही धक्क्याच्या जवळच पडते, पण ते पुढे.

या व्युत्पत्तीला एक प्रतिस्पर्धी आहे, आणि तो वरवर पाहता जास्त गोड आहे. इंग्रजीत ‘स्टेप’ म्हणजे पायरी. जुन्या मोटारींना दोन्ही बाजूंनी फूटबोर्ड असे आणि राखीव चाक त्या फूटबोर्डावर उभे करून पट्ट्याने बांधत. पायरीवर राहते ती स्टेपनी! ब्राझीलमध्ये राखीव चाकाला ‘इस्तेपी’ म्हणतात, त्यात शेपटीचे ‘नी’ गळून गेले आहे, त्यामुळे पायरीवाल्यांना आणखी जोर येतो. परंतु पायरी ‘नी’चा हिशेब देत नाही, रस्ता देतो. दुसरे असे की, फूटबोर्ड अमेरिकन गाड्यांनाही होते, चाकेही त्यावर बांधली जात, तरी अमेरिकेत हा शब्द रुजला नाही. पायरीवरून शब्द निघाला असता तर पायरी होती तिथे सगळीकडे तो निघायला हवा होता. तो सापडतो लानेलीच्या कंपनीचा माल जिथे पोचला तिथे. पायरीची व्युत्पत्ती खोटी. मात्र तिच्यात एक खरी गोष्ट अडकून राहिली आहे: राखीव चाकाची जागा. नावाचा जागेशी संबंध नव्हता, पण चाक कुठे बसवायचे हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. ब्रिटिश गाड्यांत चालक उजवीकडे. पुष्कळदा त्याच बाजूला ब्रेकचा दांडा आणि राखीव चाक असे, त्यामुळे चालकाला त्याच्या बाजूने चढताच येत नसे.

पुढे अख्खे चाक सुटू लागले आणि पकडींची धाव मागे पडली, नाव तेवढे उरले. रस्त्यावरच्या मोटारींत चाक फूटबोर्डावरून पुढच्या मडगार्डाच्या खळग्यात गेले, तिथून पाठीवर, आणि शेवटी डिकीत. (डिकी हाही असाच अनाथ शब्द. मूळ अर्थ गाडीच्या मागची उघडमीट करणारी बैठक. माणसे उतरली, सामान चढले.) डिकीत गेल्यावर प्रश्न मिटला. आडवाटेच्या गाड्यांना मात्र डिकीच नव्हती.

जीपची पाठ आज इतकी ओळखीची आहे की चाक तिथे निसर्गानेच लावले असावे असे वाटते. १९४१ पासून अमेरिकन सैन्यासाठी बनलेल्या विलिस एमबी जीपला मागे उजव्या अंगाला स्टेपनी आणि डाव्या अंगाला पेट्रोलचा डबा असे. या जागेचे स्पष्टीकरण सहसा वजनाने दिले जाते: इंजिन पुढे, म्हणून चाक मागे. दुसरे स्पष्टीकरण असे की बाजू मोकळ्या नव्हत्या. सैनिकांना दोन्हीकडून उड्या मारून चढायचे होते आणि कुऱ्हाड-फावडे बाजूला बांधलेले होते. दोन्ही ऐकायला पटतात आणि दोन्ही पुढच्याच गाडीपाशी अडखळतात.

पुढची गाडी म्हणजे सीजे-२ए, १९४५ मध्ये शेतकऱ्यांसाठी आलेली नागरी जीप. इंजिन पुढेच, पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर तेच ८० इंच, अंगलटही तीच. तरी स्टेपनी पाठीवरून उठून उजव्या बाजूला गेली. वजनाचे गणित बदलले नव्हते. आणि कुऱ्हाड-फावडे सैन्याच्या जीपवर डाव्या बाजूला असे. उजवी बाजू तेव्हाही रिकामी होती. मग बदलले काय? फाळका. सैन्याच्या जीपचा मागचा पत्रा अखंड होता, तो उघडतच नसे. शेतकऱ्याला मात्र पोती आणि अवजारे मागून चढवायची होती, म्हणून सीजे-२एला खाली पडणारा फाळका दिला गेला. पडत्या फाळक्यावर चाक ठेवता येत नाही: उघडताना त्याचा भार हातावर येतो, आणि उघडल्यावर ते वाटेत आडवे होते. म्हणजे स्टेपनीची जागा चाक ठरवत नाही, फाळका ठरवतो. पाठ बंद असेल तर चाक पाठीवर, पाठ उघडत असेल तर चाक विस्थापित. आडवाटेच्या गाड्यांचा जवळजवळ सगळा इतिहास या एका नियमात बसतो.

लँड रोव्हर पाहावी. १९४८ साली ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात आलेल्या या गाडीचा पहिला नमुना जीपच्याच सांगाड्यावर बांधला होता. पण ती शेतीसाठी होती, तिलाही पडता फाळका होता, आणि तिच्या पाठीवर चाक नव्हते. ते हौद्यात, आसनांच्या मागे असे, किंवा बॉनेटवर. बॉनेटवरचे चाक पुढे लँड रोव्हरची खूणच बनले. जीपसारखे बाजूला का लावले नाही? इंग्लंडच्या गावरस्त्यांना दोन्हीकडून कुंपणे खेटलेली असतात. तिथे बाजूला चाकाइतकी रुंदी वाढवणे परवडण्याजोगे नव्हते, हे कारण असावे. बॉनेटवरच्या चाकाची किंमत निराळी: बॉनेट उचलताना मनगटाची परीक्षा, आणि चढ चढून माथ्यावर आल्यावर समोरची वाट चाकाआड. जर्मन सैन्याच्या क्युबेलवागेननेही चाक पुढेच ठेवले होते. तिचे इंजिन मागे, त्यामुळे मागचे झाकण उघडावे लागे. फाळका नव्हता, पण उघडणारी पाठ होती, नियम तोच.

भारतात ही कथा माझगावला उतरते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी विलिस जीपचे सुटे भाग आणून तिथे जोडणी सुरू केली, आणि आजचा भाऊचा धक्का तिथून हाकेच्या अंतरावर. स्टिब्बाच्या धक्क्यावरून निघालेला शब्द आणि ते चाक पाठीवरून बाजूला हलवणारी गाडी, दोघांची गाठ पुन्हा एका धक्क्याजवळ पडली. हा योगायोग आहे, पुरावा नव्हे. पण कुळकथेत असे योगायोग टाकून देणे जिवावर येते.

चाक पुन्हा पाठीवर आले ते फाळक्याची बिजागरी फिरल्यावर. फाळका खाली पडण्याऐवजी दारासारखा बाजूला उघडू लागला की चाक त्याच्यावरच स्वार होऊ शकते. दार आणि चाक एकत्र वळतात. मारुती जिप्सी, टाटा सुमो, बोलेरो, थार या सगळ्यांनी हीच तोड स्वीकारली. (सुमोच्या नावातही एक माणूस लपला आहे: सुमंत मुळगावकर. जपानी मल्लांचा संबंध नाही.) तोड चांगली, पण फुकट नाही. रिमसह मोठा टायर ३०-४० किलोंच्या घरात जातो. खडकाळ वाटेवर तो भार बिजागरीला एकसारखे हिसके देतो; बिजागरी सैल पडते, दार खाली बसते, खडखडते. म्हणून भारी टायर घालणारे लोक दार मोकळे सोडतात आणि मागच्या बंपरला जोडलेल्या वेगळ्या लोखंडी हातावर चाक टांगतात. सामान काढायला आधी हात फिरवा, मग दार उघडा: दोन कामे, पण भार चेसिसवर जातो. सुझुकी जिम्नीच्या पाच दारी आवृत्तीची लांबी चाक धरून ३,९८५ मिलीमीटर आहे, चाक सोडून ३,८२०. पाठीवरच्या स्टेपनीचे भाडे १६५ मिलीमीटर.

उरलेल्या दोन जागांचा निकाल लवकर लागतो. पोटाखाली टांगलेले चाक, स्कॉर्पिओ-इनोव्हासारखे, पाठ पूर्ण मोकळी ठेवते. पण उतारावरून सपाटीला येताना मागचे पोट जमिनीला टेकते, आणि चिखलात गाडी रुतलेली असताना स्टेपनी काढायला त्याच चिखलात झोपावे लागते. टपावरचे चाक गाडीचा गुरुत्वमध्य वर नेते, बाजूच्या उतारावर ते धोक्याचे. शिवाय ते उतरवायला दोन माणसे लागतात, आणि पंक्चर बहुतेक वेळा माणूस एकटा असतानाच होते.

केंद्र सरकारने २०२० मध्ये नियम बदलले. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचे साहित्य असेल, तर छोट्या प्रवासी मोटारीला राखीव चाकाची सक्ती राहिली नाही. डांबरी रस्त्याला हे पुरते. दगडाने टायरची बाजूची भिंत फाटली तर मात्र त्या साहित्याने ती सांधत नाही; आडवाटेच्या गाडीला अख्खे चाक लागते, आणि त्याची उत्तम जागा बाजूला उघडणाऱ्या दारामागचा, चेसिसवर भार देणारा तो वेगळा हात.