स्मॉलमाउथ बासची मत्स्यपारध

स्मॉलमाउथ बासची मत्स्यपारध : उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्यात आढळणाऱ्या स्मॉलमाउथ बास (लहान तोंडाचा बास) या माशाची गळाने केली जाणारी क्रीडात्मक मासेमारी. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांत हा छंद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विशेष लोकप्रिय झाला. या छंदाचा इतिहास हा काही अंशी माशाच्या स्थलांतराचाही इतिहास आहे. मत्स्यपारध्यांनी व शासकीय खात्यांनी हा मासा त्याच्या मूळ जलाशयांतून दूरदूर नेला. त्यामुळे काही नद्यांत तो जपून ठेवावयाचा ठेवा, तर काही नद्यांत स्थानिक जीवसृष्टीस घातक असा परका मासा ठरला आहे.

माशाची वैशिष्ट्ये : याचे शास्त्रीय नाव मायक्रोप्टेरस डोलोमियू असे आहे. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद यांनी १८०२ मध्ये त्याचे वर्णन केले. त्यांच्यासमोरील नमुन्याचा पृष्ठपक्ष (पाठीवरील पर) फाटलेला होता व त्याचा मागील तुकडा हा स्वतंत्र लहान पर आहे असे त्यांना वाटले; म्हणून ‘लहान पराचा’ या अर्थाचे प्रजातिनाम त्यांनी दिले. जातिनाम देओदा द डोलोम्यू या फ्रेंच भूवैज्ञानिकांवरून आले असून डोलोमाइट हा खडकही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. माशाचा रंग काशासारखा हिरवट तपकिरी असतो व कुशीवर उभे गडद पट्टे असतात. वरचा जबडा डोळ्याच्या मागे जात नाही. लार्जमाउथ बास या निकटच्या जातीत तो डोळ्याच्या बराच मागे जातो. सामान्यतः ३० ते ४५ सेंमी. लांबीचे मासे गळाला लागतात. टेनेसी व केंटकी यांच्या सीमेवरील डेल हॉलो जलाशयात १९५५ मध्ये पकडलेल्या सु. ५.४ किग्रॅ. वजनाच्या माशाची जागतिक उच्चांक म्हणून नोंद आहे. वजन वाढविल्याच्या आरोपावरून १९९६ मध्ये ही नोंद रद्द करण्यात आली होती. परंतु पुढे ती पुन्हा ग्राह्य धरण्यात आली.

या माशाला स्वच्छ, थंडसर व खडकाळ तळाचे पाणी मानवते. क्रेफिश हा झिंग्याच्या जातीचा प्राणी, लहान मासे आणि जलकीटकांच्या अळ्या हे त्याचे मुख्य खाद्य होय. वसंत ऋतूत पाण्याचे तापमान सु. १५° से. च्या पुढे गेले की, नर काठाजवळच्या वाळूखड्यांत शेपटीने बशीसारखे घरटे साफ करतो. मादी अंडी घालून निघून जाते. त्यानंतर अंड्यांची व पिलांची राखण नर एकटाच कित्येक आठवडे करतो. घरट्याजवळ येणाऱ्या कोणत्याही वस्तूवर तो धावून जात असल्यामुळे या काळात त्याला गळाला लावणे फार सोपे असते. मत्स्यपारधीच्या नियमांमागील पुष्कळसा वाद या एकाच गोष्टीभोवती फिरतो.

प्रसार : मिसिसिपीच्या वरच्या व मधल्या खोऱ्यातील नद्या, ओहायो, कंबर्लंड व टेनेसी नद्या आणि पंचमहासरोवरे व सेंट लॉरेन्सचे खोरे हा या माशाचा मूळ प्रदेश होय. ॲपालॅचियन पर्वताच्या पूर्वेस अटलांटिककडे वाहणाऱ्या बहुतेक नद्यांत तो नव्हता. १८२५ मध्ये ईअरी कालवा खुला झाल्यावर त्याला पूर्वेकडे जाण्यास वाट मिळाली. यानंतरचा टप्पा रेल्वेचा होता. १८५४ मध्ये व्हीलिंग (तत्कालीन व्हर्जिनिया) येथील डब्ल्यू. डब्ल्यू. श्रायव्हर यांनी सु. ३० मासे बॉल्टिमोर व ओहायो रेल्वेच्या इंजिनामागील पाण्याच्या टाकीतून पर्वतापलीकडे नेले व मेरिलंडमधील कंबर्लंड येथे कालव्याच्या पाण्यात सोडले. तेथून ते पोटोमॅक नदीत पसरले. या नदीतील पुढील पिढ्यांचा उगम या मोजक्या माशांकडे दाखविला जातो.

अमेरिकेच्या मत्स्य आयोगाची १८७१ मध्ये स्थापना झाली. १८७४ मध्ये हा मासा कॅलिफोर्नियात पोहोचला. कॅनडाच्या ओंटॅरिओ प्रांतातही ज्या सरोवरांत तो नव्हता अशा अनेक सरोवरांत तो सोडण्यात आला. अन्न व करमणूक या दोन्ही दृष्टींनी हे काम लोकोपयोगी समजले जात असे. एखाद्या पाण्यात पूर्वीपासून कोणते मासे आहेत आणि नव्या भक्षकामुळे त्यांचे काय होईल, याचा विचार त्या काळी क्वचितच होई.

छंदाची घडण : इंग्लंडमधून आलेल्या परंपरेत ट्राउट व सामन हेच अभिजात क्रीडामत्स्य मानले जात. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील मत्स्यपारध्यांनी बासला त्यांच्या बरोबरीचे स्थान मिळवून दिले. सिनसिनॅटी भागातील वैद्य जेम्स ए. हेन्शल (१८३६–१९२५) यांचा बुक ऑफ द ब्लॅक बास हा ग्रंथ १८८१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी दोन्ही जातींच्या बासची शास्त्रीय माहिती, साधने व पद्धती यांचे विवेचन केले आणि जड व लांब काठ्यांऐवजी सु. अडीच मी. लांबीची हलकी काठी वापरावी, असे प्रतिपादन केले. गळाला लागलेला स्मॉलमाउथ वारंवार पाण्याबाहेर उसळी मारतो व प्रवाहाचा आधार घेऊन जोराने ओढतो. हलक्या साधनांनी हा सामना अधिक अटीतटीचा होतो, हे त्यामागील कारण होते.

साधनांतील पहिली मोठी सुधारणा केंटकीत झाली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने दातेरी चक्रांचे रीळ तयार केले. त्याची मूठ एकदा फिरविली असता दोर गुंडाळणारी फिरकी अनेक वेढे घेत असे. फ्रँकफर्ट येथील मीक बंधू व मायलम यांनी या रिळाला पूर्णता आणली. त्यामुळे लहान जिवंत मासा आमिष म्हणून दूरवर फेकणे शक्य झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी मिशिगनमधील जेम्स हेडन यांच्या लाकडी आमिषांचा प्रसार झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनचा दोर, काचतंतूची काठी व न फिरणाऱ्या फिरकीचे रीळ यांमुळे हा छंद सामान्य उत्पन्नाच्या लोकांच्या आवाक्यात आला. १९४९ मध्ये ओहायोतील निक क्रीम यांनी मऊ प्लॅस्टिकचा कृत्रिम गांडूळ बनविला. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस लहान होडीवर बसविता येणारे प्रतिध्वनियंत्र उपलब्ध झाले आणि खोल पाण्यातील तळाचा चढउतार मत्स्यपारध्यास कळू लागला.

नद्यांतील जागा व तंत्र : नदीतील स्मॉलमाउथ जोराच्या प्रवाहात फार वेळ राहत नाही, परंतु त्याचे अन्न प्रवाहातूनच येते. म्हणून तो संथ व वेगवान पाण्याच्या सीमेवर थांबतो. मोठ्या शिळेच्या मागील व पुढील बाजू, उथळ खळाळ संपून डोह सुरू होतो ती जागा, पुलाच्या खांबांची सावली, काठावरून पडलेली झाडे व खडकाच्या कडा ही त्याची नेहमीची ठिकाणे होत. उन्हाळ्यात सकाळी व सायंकाळी तो उथळ खळाळात येतो. हिवाळ्यात पाणी १०° से. खाली गेल्यावर तो सुस्त होऊन खोल व संथ डोहांत गोळा होतो. पाण्यात उभे राहून किंवा हलक्या होडीतून आमिष प्रवाहाच्या वरच्या बाजूस टाकतात व ते नैसर्गिक गतीने तळाजवळून वाहत येऊ देतात. आमिष प्रवाहापेक्षा वेगाने ओढले गेल्यास मासा सहसा ते घेत नाही. क्रेफिशसारखे दिसणारे मऊ आमिष, केसाळ झुबका असलेला वजनदार गळ आणि फिरते पाते असलेले आमिष यांचा वापर रूढ आहे. तिन्हीसांजेला पृष्ठभागावर तरंगणारे आमिष किंवा हरणाच्या केसांची कृत्रिम माशी वापरतात. व्हर्जिनिया व वेस्ट व्हर्जिनियातील न्यू नदी, शेनंडोआ, पेनसिल्व्हेनियातील सस्क्वेहॅना, तसेच मिसिसिपीचा वरचा भाग या नद्या या पारधीसाठी प्रसिद्ध आहेत.

सरोवरांतील जागा व तंत्र : सरोवरात प्रवाहाचे काम तळाची रचना करते. पाण्यात शिरलेली खडकाळ टोके, बुडालेले उंचवटे, वाळूखडे व वनस्पती यांच्या सीमा आणि उथळ पाणी एकदम खोल होते त्या कडा येथे मासे मिळतात. वसंतात ते काठाजवळ असतात, उन्हाळ्यात खोल उंचवट्यांवर जातात आणि शरदात पुष्ट होण्यासाठी आधाशीपणे खातात. वाऱ्याबरोबर होडी वाहू देऊन आमिष तळावरून ओढणे ही जुनी पद्धत अद्याप रूढ आहे. गळ वर व शिसे खाली बांधून आमिष तळापासून थोडे उंच अधांतरी ठेवण्याची, जपानमधील मत्स्यपारध्यांनी रूढ केलेली पद्धत १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत पसरली. ईअरी सरोवरातील बास बेटे, सेंट लॉरेन्समधील थाउजंड आयलंड्स, सेंट क्लेअर व शँप्लेन सरोवरे आणि टेनेसी नदीवरील पिकविक जलाशय ही विख्यात ठिकाणे आहेत.

ईअरी सरोवराचा इतिहास या संदर्भात उद्‌बोधक आहे. प्रदूषणामुळे विसाव्या शतकाच्या मध्यास त्याची स्थिती खालावली होती. १९७२ च्या अमेरिका–कॅनडा जलगुणवत्ता करारानंतर सुधारणा झाली. १९८० नंतरच्या दशकात जहाजांच्या पाण्यातून आलेल्या झेब्रा शिंपल्यांमुळे पाणी अधिक नितळ झाले. त्यापाठोपाठ १९९० मध्ये या भागात राउंड गोबी हा परका मासा आढळला. बासने त्याला भक्ष्य केले व त्याची वाढ जलद होऊ लागली. परंतु हाच गोबी बासची अंडी खातो. राखण करणारा नर गळाने काढून घेतल्यास गोबींचे थवे अल्पावधीत घरट्यात शिरतात, असे तेथील प्रयोगांत आढळून आले आहे. जेथे असे भक्षक फार असतात, तेथे मासा परत सोडला, तरी मधल्या काही मिनिटांत पिढीची हानी होऊ शकते.

नियमन : १९२६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने केलेल्या ब्लॅक बास कायद्याने राज्यांचे नियम मोडून पकडलेल्या बासच्या आंतरराज्य वाहतुकीस बंदी घातली. बाजारासाठी होणाऱ्या मासेमारीस त्यामुळे आळा बसला. पुढे राज्यांनी हंगाम, किमान लांबी व दैनंदिन संख्या यांवर मर्यादा घातल्या. प्रजननकाळात मासेमारी बंद ठेवण्याचा दंडक विशेषतः उत्तरेकडील प्रदेशांत रुजला. रे स्कॉट (१९३३–२०२२) यांनी १९६७ मध्ये आर्कॅन्सॉमधील बीव्हर जलाशयावर मोठी स्पर्धा भरविली व पुढील वर्षी बास मत्स्यपारध्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन केली. १९७२ पासून तिच्या स्पर्धांत पकडलेले मासे हवा खेळविलेल्या टाकीत जिवंत ठेवून परत सोडण्याची प्रथा सुरू झाली. उत्तरेकडील थंड पाण्यात ३० सेंमी. लांबी गाठण्यास या माशाला चार-पाच वर्षे लागत असल्याने ही प्रथा मोलाची ठरली. तरी खोल पाण्यातून झटकन वर आणलेल्या माशाचा वाताशय फुगतो व सोडल्यानंतरही काही मासे मरतात. केवळ सोडून देणे हा संरक्षणाचा संपूर्ण उपाय नव्हे.

सस्क्वेहॅना नदीतील अनुभवाने हे अधिक स्पष्ट झाले. २००५ मध्ये तेथे बासची पिले मोठ्या प्रमाणावर रोगाने मेली व पुढील काही वर्षांत मोठ्या माशांची संख्या घटली. नदीच्या काही भागात मासे ठेवून घेण्यास मनाई करण्यात आली; तथापि कारणांच्या शोधात रोगजंतू व परजीवी यांबरोबरच संप्रेरकांच्या कार्यात बाधा आणणाऱ्या रसायनांवरही संशय गेला. पोटोमॅकच्या खोऱ्यातील नरांच्या वृषणांत अंडपेशी आढळल्याने या संशयास बळ मिळाले. अशा वेळी गळधारकावरील निर्बंध नदीकाठची शेते व वस्त्या यांतून येणारे प्रदूषण थांबवू शकत नाहीत.

परक्या पाण्यातील प्रश्न : कॅनडातील सरोवरांचा अभ्यास करून १९९९ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले की, बास आल्यावर काठाजवळचे लहान मासे घटतात व स्थानिक लेक ट्राउटला निकृष्ट प्लवकांवर निर्वाह करावा लागतो. कोलंबिया नदीत बास सामनची पिले खातो. म्हणून २०१० नंतरच्या दशकात वॉशिंग्टन व ऑरेगन राज्यांनी तेथील संख्यामर्यादा उठविली. जपानने २००५ मध्ये या माशाची हानिकारक परक्या जातींत गणना केली. दक्षिण आफ्रिकेत तो १९३७ मध्ये आणण्यात आला होता. २०१२ मध्ये राँडेगाट नदीच्या एका भागात रोटेनोन हे मत्स्यविष वापरून तो नष्ट करण्यात आला व स्थानिक मासे परतले. प्रत्येक ठिकाणी हे साधत नाही. न्यूयॉर्क राज्यातील लिटल मूस सरोवरात वीस वर्षांहून अधिक काळ विजेच्या साहाय्याने बास काढण्यात आले. परंतु लवकर वाढणारे व लवकर प्रजनन करणारे मासे निवडले जाऊन लहान बासची संख्या उलट वाढली. कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात मिरामिची सरोवरात २००८ मध्ये बास आढळला. सामनच्या रक्षणासाठी २०२२ मध्ये नदीच्या काही भागात रोटेनोन टाकण्यात आले. पण सरोवरात ते टाकण्यास तेथील रहिवासी व आदिवासी स्त्रियांनी विरोध केल्याने ती योजना अपुरी राहिली.

१८५४ मध्ये इंजिनाच्या टाकीतून मासे नेणे हे कौतुकास्पद धाडस मानले गेले. आज परवान्याशिवाय जिवंत मासा दुसऱ्या पाण्यात सोडणे बहुतेक राज्यांत गुन्हा आहे. गळ कोठे टाकावा हे ज्ञान जसे या छंदाचे मर्म आहे, तसेच घरट्यावरील नराला केव्हा टाळावे व मासा कोठे नेऊ नये, हेही आता मत्स्यपारध्याच्या ज्ञानाचा आवश्यक भाग मानले जाते.