एका दिवसाचे महाराज

परगावी नेमणूक झालेल्या माणसाला ते गाव दोनदाच नीट दिसते: रुजू होताना आणि बदलीचा हुकूम हाती पडल्यावर. मधल्या काळात त्याला दिसते ती केवळ कचेरीची वाट. भिलाईच्या सेक्टर ६ मधील रहिवाशांनी वस्तीत आपल्या हातून झालेली लहानसहान कामे पाहुण्यांना पायी हिंडवून दाखवावीत, असा बेत निघाला, तेव्हा ही गोष्ट आम्हांस फार जाणवली.

भिलाई हे आधी कागदावर आखलेले आणि मग वसलेले नगर. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी पेटली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे आली. अशा आखीव वस्तीत पाहुण्यांना कोणत्या वाटेने न्यावे, यावरच आमची चर्चा अडली. पुढचे रुंद रस्ते दाखवावेत, मागच्या गल्ल्या टाळाव्यात, असे बहुतेकांचे मत पडले. त्या वेळी आम्हांस इंदूरची एक जुनी हकीकत आठवली.

पॅट्रिक गेडीस हा मूळचा स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ. लग्नानंतर एडिंबरोच्या जुन्या, दाटीच्या वस्तीत बिऱ्हाड करून शेजाऱ्यांसह ती वस्ती सुधारू लागलेला हा गृहस्थ १९१४ साली हिंदुस्थानात आला. त्याच्या नगररचना-प्रदर्शनाचे सामान घेऊन येणारे जहाज ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडविले, तरी तो खचला नाही. नकाशा हाती घेऊन गल्लीबोळ पायी तुडवायचे आणि मगच सुधारणेविषयी बोलायचे, ही त्याची रीत. होळकरांच्या इंदुरासंबंधीचा त्याचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला.

परंतु इंदूरच्या गल्ल्यांतून तो हिंडू लागला, तेव्हा लोक भिऊन दूर सरत. हा प्लेग आणणारा साहेब, असा त्यांचा समज झाला होता. १८९७ मधील पुण्याची घरझडती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या भीतीचे नवल वाटणार नाही. गेडीसने लोकांना दोष दिला नाही. त्याने दरबाराकडे एक दिवसापुरते महाराजपद मागितले, आणि ते त्याला मिळाले! दिवाळीत मोठी मिरवणूक निघेल. मात्र ती रूढ मार्गाने न जाता ज्या रस्त्यांवरील घरे सर्वांत अधिक स्वच्छ व दुरुस्त असतील, त्या रस्त्यांनी जाईल, अशी दवंडी पिटली गेली. घरोघर केरकचरा निघू लागला.

मिरवणुकीत हत्ती-घोडे होतेच. त्यांच्या मागून पडक्या घरांचे देखावे, रोगराईचा राक्षस आणि प्लेगचा अजस्र उंदीर आला. नंतर रंगविलेल्या गाड्या, सजविलेले बैल आणि शुभ्र वस्त्रे ल्यालेले सफाई कामगार आले. त्यांच्यामागे नगरदेवता होती. तुळशीची रोपे वाटली गेली आणि अखेरीस राक्षसाचे व उंदराचे दहन झाले. पुढे प्लेग ओसरला. त्याचा हंगामच सरत आला होता, हेही खरे. परंतु साहेबाला पाहून दारे लावणारे लोक आता त्याचे स्वागत करू लागले, हे हंगामाचे काम खचित नव्हे.

पुढे १९१९ साली गेडीस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. मालवणचे गो. स. घुर्ये त्याच्याच शिफारशीने विलायतेस गेले आणि परतल्यावर त्यांनी तो विभाग नावारूपास आणला.

मिरवणुकीचा मार्ग हेच खरे बक्षीस होते, हे गेडीसने ओळखले होते. ज्या वाटेने पाहुणे जातात, त्या वाटेवरच्या माणसांना मान मिळतो. जी वाट टाळली जाते, तिच्यावरची माणसे आपण गावातून वजा करतो. आमच्या बैठकीत ही हकीकत सांगितल्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग ठरले ते असे: फेरी मागच्या गल्लीतून सुरू करावयाची, आणि रोज पहाटे ती गल्ली झाडणाऱ्यांनी पुढे चालून ती दाखवावयाची. आम्ही त्यांच्या मागून चालणार आहो. इतकी वर्षे येथे राहून त्यांतील एकाचेही नाव आम्हांस ठाऊक नव्हते. ते विचारण्यापासूनच आमच्या तयारीस प्रारंभ झाला आहे.