उरलेल्या पितळेची किफायत: अमेरिकेतील घरगुती काडतूस-भरणीचा इतिहास

रायफलीचे काडतूस चार घटकांचे असते: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली आणि आघाताने पेटणारी लहानशी टोपी म्हणजेच प्रायमर, आत भरलेली दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. बार उडाला की प्रायमर, दारू आणि गोळी खर्ची पडतात, पुंगळी मात्र उरते; आणि चारांत सामान्यतः तीच सर्वांत महाग असल्यामुळे ती पुन्हा भरण्याचा प्रघात धातूच्या काडतुसांबरोबरच सुरू झाला. हा प्रघात सर्वाधिक रुजला तो अमेरिकेत, आणि त्यामागे एक तांत्रिक योगायोग होता.

1866च्या सुमारास अमेरिकेतील हायरम बर्डन आणि इंग्लंडमधील वुलिच शस्त्रागारातील एडवर्ड बॉक्सर यांनी प्रायमरच्या दोन निराळ्या पद्धती सिद्ध केल्या. ज्या टोकावर दाबला जाऊन प्रायमर पेटतो, ती लहानशी ऐरण बर्डनच्या रचनेत पुंगळीचाच भाग असते आणि ठिणगी आत जाण्यासाठी बाजूला सहसा दोन बारीक छिद्रे असतात. बॉक्सरच्या रचनेत ऐरण प्रायमरमध्येच असते आणि पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच छिद्र राहते. त्या छिद्रातून सळई घालून वापरलेला प्रायमर सहज बाहेर ढकलता येतो, बर्डनचा मात्र आकड्याने उचकटावा किंवा पाण्याच्या दाबाने काढावा लागतो. काळाची गंमत अशी की इंग्रजाची पद्धत अमेरिकेने स्वीकारली, तर अमेरिकनाची युरोपात पसरली आणि पुढे ब्रिटिश लष्कराच्या .303 काडतुसातही गेली. त्या काडतुसात कॉर्डाइट नावाची दारू लांब काड्यांच्या जुडीच्या रूपात असे, आणि ही जुडी आत ठेवल्यावरच पुंगळीची मान आवळली जाई. पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात तयार झालेले .303 काडतूस याच घराण्यातले. अशी पुंगळी घरी पुन्हा भरणे जिकिरीचेच होते. भारतात तर 1959च्या शस्त्र कायद्याने काडतुसाचे सुटे भागही दारूगोळ्यातच गणले, त्यामुळे अमेरिकेसारखा घरगुती छंद येथे उभा राहण्याजोगी भूमीच नव्हती.

अमेरिकेत 1870च्या दशकात पठारांवर रानरेड्यांची शिकार करणारे लोक शिसे, दारू आणि प्रायमर बरोबर बाळगून तळावरच काडतुसे भरत. फिलाडेल्फियाचे फ्रँकफर्ड शस्त्रागारही सैनिकांच्या सरावाचा खर्च आटोक्यात राहावा म्हणून लष्करी ठाण्यांना भरणीची हत्यारे पुरवी. 1884 साली जॉन बार्लो यांनी कनेक्टिकट राज्यात आयडियल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली. तिचे प्रसिद्ध हत्यार दिसायला अडकित्त्यासारखे होते: दोन दांड्यांच्या दाबाने जुना प्रायमर काढणे, नवा बसवणे आणि गोळी पुंगळीत दाबणे ही कामे ते करी, आणि त्याच्या काही नमुन्यांत टोकाशीच शिशाची गोळी ओतण्याचा साचा जोडलेला असे. ही कंपनी 1925 साली लायमन कंपनीच्या मालकीची झाली.

धूरविरहित दारू आल्यावर मात्र या काटकसरीला अनपेक्षित अडथळा आला. त्या वेळच्या प्रायमरांत पाऱ्याचे फल्मिनेट असे; काळ्या दारूच्या भरपूर काजळीत मिसळून पारा विरळ होई आणि पुंगळी धुतली की निघून जाई, पण नव्या दारूत काजळीच नगण्य, त्यामुळे पारा थेट पितळेत मुरे आणि पुंगळी ठिसूळ होई. वरून नवी दिसणारी पुंगळी पुढच्या बाराला तडकू शकत असे. पारा नसलेले प्रायमर प्रचारात आल्यावरच पुनर्भरणी पुन्हा भरवशाची झाली.

या छंदाचा खरा विस्तार दुसऱ्या महायुद्धामुळे झाला, आणि तोही दुहेरी रीतीने: आधी टंचाईने, मग उरलेल्या मालाने. युद्धकाळात तांबे दुर्मिळ झाले तेव्हा कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे फ्रेड हंटिंग्टन यांनी वडिलांच्या धुलाईखान्याच्या मागच्या भागात .22 काडतुसांच्या टाकाऊ पुंगळ्यांपासून गोळ्यांची वेष्टने दाबून काढणारी हत्यारे बनवली. त्यांच्या आर्‌सीबीएस या कंपनीच्या नावातील ‘रॉक चक’ म्हणजे डोंगरात राहणारा, खारीच्या कुळातला एक प्राणी. त्याच्या शिकारीसाठी या गोळ्या होत्या.

युद्धानंतर कॅन्ससमधील ब्रूस हॉजडन यांनी आयुर्विम्यावर कर्ज काढून 4895 या लष्करी दारूचा 50,000 पौंडांचा शिल्लक साठा घेतला. ही दारू लष्कराच्या .30-06 काडतुसाची होती. 150 पौंडांचे पिंप त्यांनी 30 डॉलर आणि वाहतूक खर्च या दराने विकले, म्हणजे पौंडाला 20 सेंट. दारू ग्रेनमध्ये मोजतात. पौंडाचे 7,000 ग्रेन होतात आणि अशा काडतुसाला ढोबळमानाने 50 ग्रेन लागतात, तेव्हा एका पौंडात सुमारे 140 काडतुसे भरत आणि वाहतूक वगळता एका बारामागे दारूचा खर्च सेंटच्या सातव्या हिश्श्याइतका येई. असा भाव कोणत्याही कारखान्याला नव्याने दारू बनवून देता आला नसता. नेब्रास्कातील हॉर्नडी यांच्यासारखे गोळ्या बनवणारे उद्योजक या स्वस्त दारूच्या भोवतीच मोठे झाले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

हत्यारांच्या बाजूने स्वस्ताईची सीमा गाठली ती विस्कॉन्सिनचे रिचर्ड ली यांनी. 1958पासून त्यांनी विकलेल्या, सुरुवातीला छऱ्यांच्या काडतुसांसाठी असलेल्या आणि पुढे रायफलीसाठीही निघालेल्या संचात ओट्याला बसवायचे यंत्र नव्हते. लाकडी किंवा प्लास्टिकच्या हातोडीने ठोकूनच सगळे काम होई आणि दारू मोजायला तराजूऐवजी ठरावीक मापाचा चमचा असे. स्फोटाने फुगलेली पुंगळी पुन्हा मापात आणताना हा संच केवळ तिची मान आवळी, म्हणून भरलेले काडतूस सहसा त्याच रायफलीत नीट बसे. यंत्रावर पूर्ण पुंगळी मापात आणली तर ते इतर रायफलींतही चालते. किंमत कमी ठेवण्याचा हा सरळ व्यवहार होता आणि मोजक्या बारांवर भागवणाऱ्या शिकाऱ्याला तो पटण्यासारखाच होता.

पुंगळी पुनःपुन्हा वापरता येते, गोळी घरी ओतता येते, हत्यार एकदाच विकत घ्यावे लागते. प्रायमर मात्र प्रत्येक बाराला नवा लागतो आणि तो घरी बनवणे व्यवहार्य नाही. म्हणूनच अमेरिकेत 2020नंतर मागणी भडकली तेव्हा पितळ आणि साचे हाती असलेले लोकही प्रायमरच्या पेट्यांअभावी थांबले.