अंबाझरीची शिडाची नाव : संपादकीय तळटीप

* ‘एंटरप्राइज’ : नागपूरच्या अंबाझरी तलावावर एनसीसीच्या नौदल शाखेचे छात्र नौकानयनाचा सराव करतात. त्यांच्या शिडाच्या स्पर्धांमधली ही नाव. जॅक होल्ट या ब्रिटिश रचनाकाराने १९५६ मध्ये ती आखली; लांबी सुमारे ४ मीटर. आता ती फायबरग्लासचीही होते, पण तिच्या अंगाला कंगोरे का आहेत हे प्लायवूड समजल्याशिवाय कळत नाही.

जुन्या पद्धतीत अरुंद फळ्या एकेक करून फासळ्यांवर वाकवत, त्यामुळे नावेचे पोट लांबीत आणि रुंदीत, दोन्हीकडे गोल येई. प्लायवूडचा अखंड तक्ता एका वेळी एकाच दिशेने नीट वळतो. दुहेरी गोलाई त्याच्यावर लादली की तो फुगतो किंवा चिरतो. म्हणून होल्टने तळ आणि बाजू यांच्यामध्ये एक तिरपा पट्टा घातला. गोलाईचा भास राहिला, तक्त्याचा स्वभावही सांभाळला गेला. ही तडजोड मला फार सुंदर वाटते.

जुना आराखडा प्लायवूडमध्ये उतरवू पाहणाऱ्या वाचकांनी वजनाचा हिशेब मात्र नव्याने करावा. पातळ तक्त्यांची नाव हलकी होते, पाण्यावर उंच तरंगते आणि जुन्या मापाचे शीड तिला जड जाऊ शकते. ८ फुटी तक्ते जोडताना तिरकस सांधा जाडीच्या निदान ८ पट लांब ठेवावा. प्लायवूड आयएस ७१० मानकाचे, म्हणजे ७२ तास उकळूनही न सुटणाऱ्या चिकटाचे घ्यावे. — संपादक