गडगडाट आणि कडकडाट : मेघगर्जनेच्या शब्दांची कुळकथा

कुलाबा जिल्ह्याचें नांव १९८१ सालीं रायगड असें झालें. परंतु नांव बदललें म्हणून त्या प्रांतांतील पावसाचा स्वभाव बदलला नाहीं. पेणहून दक्षिणेकडे निघालेली आगगाडी कासू आणि नागोठणें हीं स्थानकें मागें टाकून निडीस थांबते, आणि पुढचें स्थानक रोहा. नागोठण्यास अंबा नदी, रोह्यास कुंडलिका, आणि आसपास डोंगरांच्या रांगा, असा हा मुलूख आहे. मृग नक्षत्राच्या सुमारास येथील शेतकरी राब भाजून पेरणीच्या तयारींत असतो. दुपार टळली कीं पूर्वेकडे सह्याद्रीच्या माथ्यावर काळे ढग चढूं लागतात, वारा पडतो, आणि मग तो आवाज येतो. शेतांतला माणूस म्हणतो, "ढग गडगडले." थोड्या वेळानें ढग डोक्यावर येतात आणि तोच माणूस म्हणतो, "वीज कडाडली."

शहरांत वाढलेल्या कानास हीं दोन वाक्यें एकाच गोष्टीचीं वाटतात. इंग्रजी शिकलेला मनुष्य तर दोन्हींस 'थंडर' हा एकच शब्द लावून मोकळा होतो. परंतु मराठीनें येथें जी वाटणी केली आहे ती उगीच केलेली नाहीं. गडगडाट म्हणजे दूरचा, लांबट, लोळत जाणारा आवाज. कडकडाट म्हणजे जवळचा, तुटक, कानठळ्या बसविणारा. ही वाटणी व्यवहारांत इतकी मुरलेली आहे कीं ती चुकत नाहीं. टाळ्यांचा होतो तो कडकडाट; हास्य असतें तें गडगडाटी. याच्या उलट कोणी बोलत नाहीं. डोंगरावरून धोंडा गडगडत येतो, आणि बाजारांत भाव गडगडतात, कारण गडगडण्यांत लोळण आहे. वाळलेलें लांकूड मात्र कडकड मोडतें. हे दोन्ही शब्द ध्वनीवरून घडलेले आहेत. त्यांना संस्कृत धातूंत मूळ शोधण्याचें कारण नाहीं.

तथापि हा भेद केवळ ग्रामीण कानाचा आहे असें मात्र कोणीं समजूं नये. हजार वर्षांहून अधिक काळ पाठशाळांतून घोकल्या गेलेल्या अमरकोशांत अमरसिंहानें मेघांच्या आवाजास स्तनित, गर्जित, रसित अशीं नांवें दिलीं आहेत. वज्राच्या निर्घोषास मात्र त्यानें निराळें नांव दिलें आहे, तें 'स्फूर्जथु'. मेघाचा आवाज वेगळा आणि वज्राचा वेगळा, हें पंडितानेंही जाणलें होतें. निडीच्या शेतकऱ्याचा गडगडाट हें अमराचें स्तनित आणि त्याचा कडकडाट हा अमराचा स्फूर्जथु, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं.

आधुनिक पदार्थविज्ञान या वाटणीस आधारच देतें. वीज ज्या वाटेनें जाते त्या वाटेवरील हवा क्षणाच्याही लहानशा भागांत सुमारें ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, एकदम फुगते, आणि त्या धक्क्याचा आवाज होतो. ही वाट कित्येक किलोमीटर लांब आणि वेडीवांकडी असते. वीज जवळ पडली तर आवाजाचा मोठा भाग एकाच तडाख्यानें कानावर आदळतो, हाच कडकडाट. वीज दूर असली म्हणजे वाटेच्या निरनिराळ्या भागांतून निघालेला आवाज मागेंपुढें पोहोंचतो, त्यांत डोंगरांचे पडसाद मिसळतात, आणि तोच आवाज लोळत आल्यासारखा भासतो; हाच गडगडाट. म्हणजे आवाजाचें कारण एकच, फरक अंतराचा. मराठींतील हे दोन शब्द वस्तुतः दोन अंतरांचीं नांवें आहेत.

आतां जुन्या कुळाकडे वळावें. संस्कृतांत 'स्तन्' या धातूचा अर्थ गर्जणें असा आहे. त्यावरून स्तनित आणि स्तनयित्नु हे शब्द झाले; ऋग्वेदांत त्याच कुळांतील 'तन्यतु' हा शब्द येतो. या घराण्याचे आप्त फार दूरवर पसरले आहेत. फारसींतील 'तुंदर', लॅटिनमधील 'तोनारे', जर्मनांचा 'डोन्नर' आणि इंग्रजांचा 'थंडर' हे सारे एकाच मूळपुरुषाचे वंशज होत. इंग्रजी शब्दाचें प्राचीन रूप 'थुनोर' असें होतें. त्यांतील डकार मागाहून शिरला. उत्तरेकडील लोकांचा 'थोर' हा देव म्हणजे मूर्तिमंत मेघगर्जनाच, आणि इंग्रजांचा 'थर्सडे' हा त्याचा वार. जर्मन भाषेंत तर त्या दिवसास उघडपणें 'डोन्नरस्टाग', म्हणजे गडगडाटाचा दिवस, म्हणतात. आपला गुरुवार तो हाच. रोमन लोकांनीं हा वार गुरु ग्रहाच्या नांवानें ज्युपिटर देवास दिला होता; ज्युपिटर हाही गर्जणारा देव, म्हणून उत्तरेकडील लोकांनीं त्याच्या जागीं थोरास बसविलें. आपल्याकडे त्याच ग्रहावर देवांचे शांत उपाध्याय बृहस्पति विराजमान आहेत.

स्तनयित्नूची सर्वांत उदात्त आठवण बृहदारण्यकोपनिषदांत आहे. देव, मनुष्य आणि असुर हे तिघे प्रजापतीपाशीं उपदेश मागतात. प्रजापति तिघांनाही 'द' हें एकच अक्षर सांगतो. देव त्यांतून दमन ऐकतात, मनुष्य दान ऐकतात आणि असुर दया ऐकतात. मेघांची गर्जना हेंच अक्षर आजही पुनःपुन्हा उच्चारते, असें उपनिषत्कार सांगतो. कवि टी. एस. एलियट यानें १९२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या 'द वेस्ट लँड' या काव्याचा शेवटचा भाग याच कथेवर उभारला. आवाज एक आणि ऐकणारा ज्या योग्यतेचा त्या योग्यतेचा अर्थ, हा त्या कथेचा गाभा होय.

असा हा थोर कुळाचा शब्द. परंतु मराठी बोलीपर्यंत तो पोहोंचला नाहीं. पोहोंचला तो 'गर्ज्' हा धातु. गर्जना हें त्याचें संस्कृत रूप आपण जसेंच्या तसें वापरतों. पण प्राकृतांत त्याचें 'गज्ज' झालें आणि त्यावरून मराठींत 'गाजणें' आलें. आज नाटक गाजतें, सभा गाजते, एखाद्याचें नांव गाजतें, आणि त्यांत मूळचा मेघ कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. 'गाजावाजा' या जोडशब्दांतला गाजाही तोच. याच कुळांतील 'गाज' हा शब्द हिंदींत पडणाऱ्या विजेस लावतात. मराठींत मात्र तो समुद्राकडे गेला. अलिबाग किंवा मुरुडच्या किनाऱ्यावर रात्रीं ऐकूं येते ती समुद्राची गाज. एकाच शब्दानें उत्तर हिंदुस्थानांत आकाश धरलें आणि कोंकणांत दर्या धरला.

दुसरा एक शब्द याहून अधिक फिरला आहे. 'आडंबर' म्हणजे आज पोकळ थाटमाट. परंतु यजुर्वेदाच्या काळीं आडंबर हें एका चर्मवाद्याचें नांव होतें. अमरकोशांत वाद्यांचा घोष आणि गजराजांची गर्जना असे त्याचे अर्थ दिले आहेत. 'मेघाडंबर' म्हणजे ढगांचा नगारा, अर्थात् मेघगर्जना. नगारा वाजला म्हणजे थाट आला, आणि थाट नुसताच राहिला म्हणजे आडंबर आलें. याच जिल्ह्यांत रायगडावर सिंहासनाच्या जागीं जी छत्री आहे तिला 'मेघडंबरी' म्हणतात. त्या नांवांतही मेघ आणि डंबर हे दोन्ही शेजारीं उभे आहेत.

आवाजाकडून प्रकाशाकडे यावें तों निराळीच गोष्ट दिसते. अमरानें विजेचीं दहा नांवें दिलीं आहेत. क्षणप्रभा, चंचला आणि चपला हीं डोळ्यांस दिसणाऱ्या रूपावरून, तर ह्रादिनी हें कानावर पडणाऱ्या नादावरून. त्यांतील 'विद्युत्' हा 'द्युत्' म्हणजे चमकणें या धातूवरून झाला. प्राकृतांत त्याचें 'विज्जु' झालें आणि मराठींत 'वीज'. इंग्रजींत आकाशांतील विजेस एक शब्द आणि तारेंतील विजेस दुसरा. त्या दुसऱ्याचें मूळ अंबर नांवाच्या राळेच्या ग्रीक नांवांत आहे. १७५२ सालीं फ्रँक्लिनच्या पतंगाच्या प्रयोगानें या दोन्ही वस्तु एकच ठरल्या, तरी इंग्रजीचे शब्द निराळेच राहिले. मराठीनें मात्र नव्या शक्तीस जुनेंच नांव देऊन टाकलें. त्यामुळें आपल्या घरांत 'वीज आली' म्हटलें कीं मुलें आनंदतात, आणि शेतांत 'वीज आली' म्हटलें कीं माणसें धांवतात.

या नव्या विजेनें कुलाबा जिल्ह्याच्या इतिहासांतही एक नोंद केली आहे. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ सालीं बांधली गेली. पुढें शहरांतील ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचें ठरलें, तेव्हां त्या प्रवाहानें पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मोजमापें बिघडतील अशी भीति उत्पन्न झाली. म्हणून १९०४ सालीं अलिबागेस नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली, आणि १९०७ सालीं मुंबईंत विजेची ट्राम धांवूं लागली.

परंतु शब्दांची ही चर्चा केवळ विद्वत्तेच्या करमणुकीची नाहीं. भारतांत अलीकडच्या काळांत वीज पडून दरवर्षीं २,००० हून अधिक माणसें दगावतात, आणि त्यांत शेतांत राबणारांचा भरणा मोठा असतो. कोंकणांत आषाढ-श्रावणांतील संततधारेंत गडगडाट क्वचितच होतो. तो होतो मोसमी पावसाच्या आरंभीं आणि अखेरीस, म्हणजे पेरणीच्या वेळीं आणि भात कापणीस आलें असतांना. नेमकीं याच दिवसांत माणसें उघड्या खाचरांत असतात.

अशा वेळीं जुनीं वाक्यें घातक ठरतात. 'गर्जेल तो पडेल काय' ही म्हण बढाईखोर माणसास लागू असेल, आकाशास नाहीं. जो गडगडाट ऐकूं आला त्याची वीज पडून गेलेली असते हें खरें. पण पुढची वीज कोठें पडेल तें तिनें सांगितलेलें नसतें. पायाळू माणसावर वीज पडते, ही समजूतही अशीच. जन्माच्या वेळीं पाय आधीं आले यांत त्या जीवाचा दोष नाहीं आणि विजेस त्याची वार्ताही नाहीं. ती उंच व उघडें असेल तें शोधते. मग तें एकाकी झाड असो, कीं मोकळ्या शेतांत उभा असलेला, कोणत्याही रीतीनें जन्मलेला मनुष्य असो. पायाळू म्हणून एखाद्या पोरीस घरांत कोंडायचें आणि बाकीच्यांनीं निर्धास्तपणें झाडाखालीं उभें राहायचें, यासारखी उलटी रीत दुसरी नाहीं.

येथें कानच उपयोगी पडतो. हवामानशास्त्रांतही ज्या दिवशीं मेघगर्जना ऐकूं आली तो दिवस गर्जनेचा म्हणून मोजतात; नुसती चमक दिसली तर मोजीत नाहींत. आवाज सुमारें ३ सेकंदांत १ किलोमीटर येतो. चमक आणि आवाज यांत ३० सेकंदांचें अंतर पडलें तर वीज १० किलोमीटरांवर आहे, आणि तेवढें अंतर तिला फार नाहीं. तेव्हां गडगडाट कानीं पडतांच खाचर सोडावें, झाडाचा आसरा टाळावा, पक्क्या घरांत किंवा बंद मोटारींत शिरावें, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडूं नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनें विजेची आगाऊ सूचना देणारी मोबाईलवरील सोय निर्माण केली आहे आणि तिला 'दामिनी' हें नांव दिलें आहे. कवींनीं शृंगारासाठीं वापरलेला शब्द आज माणसें वांचविण्याच्या कामीं आला.

तरीही प्रत्येक हातांत तें यंत्र असेलच असें नाहीं. निडीच्या खाचरांत इरलें घेऊन वांकलेल्या बाईपाशीं निदान तिची भाषा आहे, आणि त्या भाषेनें तिला दोन शब्द दिलेले आहेत. पहिला दुरून सूचना देतो, दुसरा जवळ आल्यावर उच्चारला जातो. पहिल्या शब्दाचा मान राखून जो घर गांठतो, त्याला दुसरा ऐकावा लागला तरी तो छपराखालीं बसून ऐकावा लागतो. शेताच्या मालकानेंही कापणीची घाई बाजूस ठेवून गडगडाट होतांच कामकऱ्यांस घरीं पाठवावें. प्रजापतीच्या 'द' मधून मनुष्यांनीं दान ऐकलें आणि दया असुरांच्या वांट्यास आली. या एका प्रसंगीं मात्र मनुष्यानेंही त्या अक्षरांतून दयाच ऐकावी.