दिवाणखान्यातला पियानो

मिरजेला आमच्या जुन्या घरी उरुसाच्या दिवसांत गवई उतरायचे. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाण्याची सभा भरते, तिला येणाऱ्यांपैकी दोघं-तिघं आजोबांकडे असायचे. कोणी कुठला राग गायला, कुणाचा तंबोरा कसा लागला होता, हे आजोबा रंगवून सांगत. आजीचं सांगणं वेगळं होतं. माडीवर पहाटे चारला षड्ज सुरू व्हायचा, पाचला तिची चूल पेटायची, आणि इतक्या वर्षांत सभेतलं एकही गाणं तिने पुरतं ऐकलं नाही. रात्री परत आलेल्या माणसांना गरम भाकरी लागायची ना.

२०२२ च्या जूनमध्ये हे सगळं मला टेक्सासमध्ये आठवलं. कंपनीच्या कामासाठी मी डॅलसजवळ अर्व्हिंगला होतो. पाऊण तासावरच्या फोर्ट वर्थमध्ये पियानोची एक मोठी स्पर्धा चालू आहे असं कळलं, म्हणून एका संध्याकाळी तिकीट काढून गेलो. पाश्चात्त्य संगीतातलं मला फारसं कळत नाही. शेजारच्या खुर्चीवर साठीच्या एक बाई होत्या. मध्यंतरात त्यांनी सांगितलं, एक स्पर्धक त्यांच्या घरी राहतोय, त्याच्यासाठी ग्रँड पियानो आणून ठेवलाय, आणि सोफा तीन आठवडे गॅरेजमध्ये आहे.

मला वाटलं, हॉटेलचा खर्च वाचवायची युक्ती असेल. मग घरी येऊन वाचत बसलो आणि रात्रीचे दोन वाजले.

सुरुवात १९५८ ची. आदल्या ऑक्टोबरात रशियाने स्पुटनिक सोडलेला. अवकाशात आपण पुढे आहोत, आता संगीतातही दाखवू, अशा थाटात मॉस्कोत पहिली चायकोव्स्की स्पर्धा भरली. जिंकला टेक्सासचा तेवीस वर्षांचा, काटकुळा, उंच व्हॅन क्लायबर्न. त्याला पियानो शिकवला होता त्याच्या आईने, रिल्डिया बीने. ती आर्थर फ्रीडहाइमची शिष्या आणि फ्रीडहाइम लिस्टचा शिष्य. म्हणजे आपल्याकडच्या घराण्यासारखीच परंपरा, फक्त ती टेक्सासातल्या किलगोर नावाच्या तेलाच्या गावी, एका घरातल्या खोलीत येऊन पोचली होती. मॉस्कोच्या श्रोत्यांनी या मुलाला अक्षरशः डोक्यावर घेतलं. तो परतल्यावर न्यूयॉर्कने कागदी पट्ट्यांच्या वर्षावात त्याची मिरवणूक काढली.

त्याच वर्षी फोर्ट वर्थमध्ये त्याच्या नावाने स्पर्धा घ्यायचं ठरलं. ते तडीला नेण्यात गावातल्या पियानो शिक्षिका आणि स्वयंसेवकांचा मोठा वाटा होता. पहिली स्पर्धा १९६२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात झाली. या स्पर्धेची ओळख बनलेली पद्धत म्हणजे स्पर्धकाने गावातल्या एखाद्या कुटुंबात राहायचं. सकाळचा नाश्ता त्यांच्याकडे, हॉलवर ने-आण त्यांच्या गाडीतून, दिवसभराचा रियाझ त्यांच्या दिवाणखान्यात.

इथे थोडं थांबून हे फोर्ट वर्थ काय गाव होतं ते पाहू. गावाच्या पश्चिमेला विमानांचा प्रचंड कारखाना आणि त्याला लागूनच कार्सवेल हवाई तळ. बी-५८ हसलर नावाचं अणुबॉम्ब टाकणारं बॉम्बर विमान याच कारखान्यात बनायचं आणि याच तळावर सज्ज असायचं. युद्ध पेटलं तर त्यांची लक्ष्यं कुठे असणार, हे सांगायला नको. गावातली कितीतरी घरं या कारखान्याच्या पगारावर चालायची. अशा गावात सोव्हिएत युनियनमधून दोन पियानोवादक आले: एकोणीस वर्षांचा निकोलाय पेत्रोव आणि मिखाइल वोस्क्रेसेन्स्की. पहिला आला अमेरिकेचा राल्फ वोटापेक, दुसरा पेत्रोव, तिसरा वोस्क्रेसेन्स्की. स्पर्धा संपली ७ ऑक्टोबरला. १६ तारखेला केनेडींच्या टेबलावर क्युबातल्या क्षेपणास्त्रांचे फोटो आले.

आणखी एक गोष्ट. नुसता योगायोग आहे, पण राहवत नाही म्हणून सांगतो. त्याच उन्हाळ्यात आणि त्याच सप्टेंबरात याच गावातल्या भाड्याच्या घरात एक एकवीस वर्षांची रशियन मुलगी तान्हं बाळ घेऊन राहत होती. नाव मरीना. तिचा नवरा ली हार्वे ऑस्वाल्ड ऑक्टोबरात फोर्ट वर्थमधली नोकरी सोडून डॅलसला गेला. पुढचं जगाला माहीत आहे.

शीतयुद्धाचा इतिहास आपण शाळेत करार आणि क्षेपणास्त्रांच्या यादीसारखा शिकतो. ८ डिसेंबर १९८७, मध्यम पल्ल्याच्या अण्वस्त्रांचा करार, दोन मार्क. त्याच रात्री व्हाइट हाउसच्या जेवणानंतर क्लायबर्न पियानोवर बसला आणि त्याने ‘मॉस्को नाइट्स’ची धून वाजवली. गोर्बाचेव्ह पाहुण्यांच्या खुर्चीत बसून गाऊ लागले. हे मार्कांत येत नाही.

मला मात्र सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते अलेक्सेई सुलतानोवने. ताश्कंदचा मुलगा, आई-वडील दोघेही वादक. १९८६ मध्ये मॉस्कोच्या चायकोव्स्की स्पर्धेत तो मोडलेल्या बोटाने वाजवायला बसला होता. १९८९ मध्ये एकोणिसाव्या वर्षी फोर्ट वर्थला आला तेव्हा तो सगळ्यात लहान स्पर्धक होता. वाजवणं असं, की पियानोची तार तुटली. समीक्षकांपैकी काहींना तो निव्वळ दांडगाई करतो असं वाटलं. तरी सुवर्णपदक त्यालाच मिळालं. बर्लिनची भिंत पडायला अजून पाच महिने होते.

इतर विजेत्यांसारखा तो पदक घेऊन निघून गेला असता, तर गोष्ट इथेच संपली असती. पण ज्या कुटुंबाने त्याला तीन आठवडे घरात ठेवलं, त्यांच्याशी त्याचं नातं तुटलं नाही. पुढे लाटव्हियाच्या डाचे नावाच्या चेलोवादक मुलीशी त्याने लग्न केलं आणि दोघं फोर्ट वर्थमध्येच राहायला आले. १९९५ मध्ये वॉर्सातल्या शोपाँ स्पर्धेत पहिला क्रमांक कुणालाच न देता दुसरा दोघांत वाटला. सुलतानोव त्या दोघांपैकी एक. तो रागावून समारंभाला गेलाच नाही. मला हा हट्टीपणा आवडतो, पण त्याने त्याचं किती नुकसान केलं असेल हेही दिसतं.

२००१ मध्ये त्याला मेंदूत रक्तस्राव झाला. डावी बाजू गेली. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता, म्हणजे आज मी आहे त्याहून थोडाच मोठा. नंतर तो पुन्हा पियानोवर बसायला लागला: उजव्या हाताचं तो वाजवायचा, डाव्या हाताचं शेजारी बसून डाचे. ती चेलो वाजवणारी. अशी ती दोघं इस्पितळांत आणि वृद्धाश्रमांत जाऊन वाजवायची. २००४ मध्ये तो अमेरिकेचा नागरिक झाला आणि २००५ च्या जूनअखेर फोर्ट वर्थमध्येच गेला. वय पस्तीस. पाहुणा म्हणून आलेल्या गावात.

२०२२ साली पाहुणे घरात घ्यायचे की नाही हाच प्रश्न होता. फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला. एप्रिलमध्ये खुद्द चायकोव्स्की स्पर्धेला जागतिक महासंघाने बाहेर काढलं. डब्लिनच्या स्पर्धेने रशियन स्पर्धकांना वगळलं. फोर्ट वर्थने त्यांना येऊ दिलं. मला तो निर्णय बरोबर वाटला आणि जेवताना मी तसं बोललोही. समोर माझ्या टीममधला खारकीवचा सहकारी होता. त्याची आई तेव्हा मेट्रो स्टेशनच्या फलाटावर झोपत होती. तो शांतपणे म्हणाला, पियानोवादकाने काही केलेलं नाही हे मला कळतं, पण माझ्या आईनेही काही केलेलं नव्हतं, आणि तिच्यासाठी कुणी तीन आठवडे सोफा हलवलेला नाही. मी पाण्याचा घोट घेतला. उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही.

अंतिम निकालात कोरियाचा अठरा वर्षांचा युनचान लिम पहिला आला. तो या स्पर्धेचा सर्वांत तरुण विजेता ठरला. दुसरी मॉस्कोत जन्मलेली अन्ना गेन्युशेने, युद्धानंतर रशिया सोडून लिथुआनियाला गेलेली. तिसरा कीवचा दिमित्रो चोनी. तिघं एकाच मंचावर उभी होती. मी ते फोनवर पाहिलं. लिंक सहकाऱ्याला पाठवावी असं वाटलं, पण पाठवली नाही.

त्या संध्याकाळी शेजारी बसलेल्या बाईंकडे कुठल्या देशाचा मुलगा उतरलाय, हे मी विचारलंच नाही. त्या एवढंच सांगत होत्या की तो पहाटे लवकर सुरू करतो, आणि यजमानांचा कुत्रा आता पियानोखालीच झोपतो. शेवटचा वादक मंचावर यायच्या आत त्यांनी पर्स उचलली. मी म्हटलं, थांबा ना, सगळे म्हणतायत हा फार छान वाजवतो. त्या हसल्या. त्यांच्याकडच्या मुलाची उद्या फेरी होती, तो घरी रियाझ करत बसला होता आणि त्याला सूप गरम करून द्यायचं होतं.