जीपच्या पोटातली पेटी

यंत्रांचा धडा शिकवताना आपण तरफ, कप्पी आणि उतरण इथवर येतो. दंतचक्रे आलीच तर सायकलपुरती येतात. वास्तविक आमच्या नांदेड-लातूर पट्ट्यात दंतचक्रांचा खरा इतिहास रस्त्यावरून धावत होता. लोहा, अहमदपूर, चाकूर या वाटेवर १९८० आणि १९९० च्या दशकांत एस.टी. चुकलेल्या माणसाला काळी-पिवळी जीपच गाठावी लागे. आत किती माणसे बसवायची हे कायद्यापेक्षा ड्रायव्हरच ठरवी. बालाघाटच्या चढावर तो पहिला गिअर टाकायला गेला की पेटीतून कर्रकन आवाज येई. तो आवाज कशाचा, आणि जुन्या गाडीची ती पेटी काढून दुसरी, जास्त मजबूत पेटी बसवण्याची गरज पुन्हा पुन्हा का पडली, ते पाहू.

जुलै १९४० मध्ये अमेरिकन सैन्याने एका हलक्या गाडीची मागणी नोंदवली. पहिला नमुना ४९ दिवसांत हवा होता आणि वजनाची मर्यादा इतकी कडक होती की पुढे ती सैन्यालाच वाढवावी लागली. या ओढाताणीतून विलीज एमबी ही जीप तयार झाली. तिचे २.२ लिटरचे पेट्रोल इंजिन ६० अश्वशक्तीचे होते. त्याच्या मागे टी-८४ नावाची तीन गिअरची हलकी पेटी होती. लढाईपुरती ती चालून गेली. १९४५ मध्ये हीच गाडी सीजे-२ए या नावाने शेतकऱ्यासाठी बाजारात आली, तेव्हा तिला नांगर ओढायचा होता, आणि तोही वर्षानुवर्षे. म्हणून टी-८४ च्या जागी जाड शाफ्टांची, दणकट टी-९० आली. बरेचसे भाग जुळत असल्यामुळे पुढे सैन्याच्या जुन्या जीपमध्येही लोक टी-९० बसवू लागले. जुन्या गाडीत मजबूत पेटी बसवण्याचे हे बहुधा सर्वांत जास्त वेळा केले गेलेले काम असावे.

इथे थोडे गणित करू. टी-८४ च्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.६६५ होते आणि त्या जीपच्या मागच्या डिफरन्शियलचे ४.८८. गुणाकार केला तर इंजिनाच्या सुमारे १३ फेऱ्यांत चाकाचा एक फेरा होतो. सीजे-२ए मध्ये हेच आकडे २.७९८ आणि ५.३८ होते. म्हणजे १५ फेऱ्यांना एक. इंजिन तेच असूनही चाकाशी ओढ सुमारे १५ टक्के वाढली. पण यातला मोठा वाटा डिफरन्शियलचा आहे. पेटीचे गुणोत्तर जेमतेम पाच टक्के बदलले. मग नवी पेटी ‘मजबूत’ म्हणायची ती कशावरून?

मजबुती आणि गुणोत्तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गॅरेजात असो की वर्गात, त्यांची नेहमी गल्लत होते. गिअरचा एक दात म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला छोटा खांब. टोकावर जोर पडला की तो मुळाशी वाकू पाहतो. १८९२ मध्ये विल्फ्रेड लुइस या अमेरिकन अभियंत्याने दाताकडे असेच पाहून त्याच्या ताकदीचे सूत्र मांडले. दात दुप्पट रुंद केला की मुळाशी येणारा ताण निम्मा होतो. चक्राची त्रिज्या वाढवली की तोच टॉर्क, म्हणजे पाठ्यपुस्तकातले बल-आघूर्ण, कमी जोराने पोचवता येतो. शाफ्टचे तर आणखी गमतीचे आहे. पिळाला तोंड देण्याची त्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. व्यास फक्त १० टक्के वाढवा, ताकद ३३ टक्के वाढते. मुलांना १.१ चा घन काढायला सांगावा. असा हिशेब त्यांच्या लक्षात राहतो.

आता त्या आवाजाकडे येऊ. वेगवेगळ्या गतीने फिरणारी दोन चक्रे एकमेकांत घुसवायची तर त्यांच्या गती आधी सारख्या करायला हव्यात. हे काम घर्षणाने आपोआप करून देणारी सिंक्रोमेश ही युक्ती १९२८ मध्ये कॅडिलॅक गाडीत आली. टी-९० मध्ये ती दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरला होती, पहिल्याला नव्हती. चालत्या गाडीत पहिला गिअर टाकायचा तर क्लच दोनदा दाबून मध्ये ॲक्सिलरेटर द्यावा लागे. ज्याला ते जमले तो पक्का ड्रायव्हर. ज्याला नाही जमले, त्याच्या गाडीच्या पेटीतल्या तेलात लोखंडाचा चुरा सापडे.

ही जीप आपल्याकडे आली ती मुंबईमार्गे. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र अँड महंमद या कंपनीतले मलिक गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि कंपनी महिंद्र अँड महिंद्र झाली. तिने आधी विलीज जीपची जुळणी आणि पुढे उंच बॉनेटच्या सीजे-३बी चे उत्पादन केले. पेटी तीच, टी-९०.

खरी अडचण आली ती डिझेलमुळे. पेट्रोल महाग आणि डिझेल स्वस्त, हा फरक ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त होईपर्यंत कमीअधिक टिकून होता. भाड्याने गाडी चालवणाऱ्याचे घर या फरकावर चालत असे. कंपनीनेही जीपमध्ये डिझेल इंजिने दिली. एक ट्रॅक्टरच्या घराण्यातले, दुसरे फ्रान्सच्या पेजो कंपनीच्या आराखड्याचे. त्यांपैकी पेजोच्या इंजिनाचे नाव एक्सडीपी ४.९०, क्षमता २११२ घन सेंटिमीटर आणि शक्ती ६२ अश्वशक्ती. जुन्या पेट्रोल जीपच्या ७५ च्या आसपासच्या अश्वशक्तीपेक्षा हे कमीच. मग कमी ताकदीच्या इंजिनाला जास्त मजबूत पेटी कशासाठी?

याचे उत्तर सरासरी आणि शिखर यांच्या फरकात आहे. माहितीपत्रकात छापलेला टॉर्क हा सरासरी असतो. प्रत्यक्षात इंजिन धक्क्याधक्क्याने फिरते. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. डिझेल इंजिन हवा कितीतरी जास्त दाबते, त्यामुळे प्रत्येक स्फोटाचा दणका मोठा आणि दोन दणक्यांमधली दरी खोल. फ्लायव्हील आणि क्लचमधल्या स्प्रिंगा हे चढउतार कमी करतात, पूर्ण मिटवत नाहीत. दाताला सरासरी कळत नाही. त्याला प्रत्येक शिखर सोसावे लागते, तेही लाखो वेळा. तार एका झटक्यात तुटत नाही, पण पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसाच दात थकतो. त्यात आठ-नऊ जणांच्या गाडीत पंधरा माणसे आणि पावसाळ्यात काळ्या मातीची कच्ची वाट. तिसरा गिअर थेट असतो, त्यात दातांवर भार पडत नाही. पण अशा वाटेवर तिसरा गिअर लागतोच कुठे? सारी मजल पहिल्या-दुसऱ्यात, म्हणजे दातांवरच.

म्हणून तीन गिअरची पेटी उतरून चार गिअरची, चारही गिअरना सिंक्रोमेश असलेली पेटी आली. आधी कारखान्यातून नव्या मॉडेलांत, आणि मग भंगारबाजारातून जुन्या गाड्यांत.

हेच पांढरपेशा गाडीच्या बाबतीतही घडले. ॲम्बॅसिडरचे १४८९ घन सेंटिमीटरचे जुने पेट्रोल इंजिन सुमारे ५० अश्वशक्तीचे, पेटी चार गिअरची, आणि दांडा स्टिअरिंगच्या खांबाला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिला इसुझूचे १.८ लिटरचे ७५ अश्वशक्तीचे इंजिन मिळाले, तेव्हा सोबत पाच गिअरची पेटीही द्यावी लागली आणि दांडा जमिनीवर आला. आमच्या मते हे कलमच आहे. जुन्या खुंटावर नवा डोळा बांधलेला, फक्त कारखान्यात बांधलेला. कुर्ल्याच्या प्रीमियर पद्मिनीलाही शेवटच्या काळात निस्सानची, जमिनीवर दांडा असलेली पेटी मिळाली.

कारखान्यात कलम जमते ते मोजमाप असते म्हणून. गॅरेजात तेच काम करताना पेटीचा शाफ्ट आणि इंजिनाचा क्रँकशाफ्ट एका रेषेत यावे लागतात. एक-दोन केसांच्या जाडीपलीकडे फरक गेला की बेअरिंग ओरडू लागते. नवी पेटी लांब असेल तर मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट कापून तोकडा करावा लागतो, आणि खरी चूक इथेच होते. या शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉसचे सांधे असतात. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने ज्याचा अभ्यास केला तोच हा सांधा. त्याचा एक दोष आहे. तिरका बसला की एका बाजूची गती एकसारखी असली तरी दुसऱ्या बाजूची प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढते आणि दोनदा घटते. उपाय म्हणजे दुसरा सांधा तितक्याच कोनात असा बसवायचा की पहिल्याने केलेली चूक त्याने खोडावी. त्यासाठी शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एकाच पातळीत हवेत. वेल्डिंग करताना ते ९० अंशांनी फिरले तर चुका खोडल्या जाण्याऐवजी दुप्पट होतात. मग सारी गाडी थरथरते, आणि दोष मात्र नव्या पेटीला दिला जातो.

समजा सगळे नीट जमले. तरी भार नाहीसा होत नाही, तो पुढे सरकतो. पेटी टिकली की आधी क्रॉस जातो, तो बदलला की मागच्या चाकाचा एक्सल तुटतो. जुन्या पेटीतला स्वस्त दात एका अर्थाने फ्यूजचे काम करत होता. आणि ब्रेक तर जुनेच राहतात. ताशी ५० ऐवजी ७० किलोमीटरने पळू लागलेली गाडी थांबवायला जवळजवळ दुप्पट ऊर्जा जिरवावी लागते, कारण इथे वेगाचा वर्ग येतो. चढावर मिळालेली सोय उतारावर वसूल होते, आणि ती आत दाटीने बसलेल्या माणसांकडून. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत फेरफाराला मनाई केली आहे, त्यामागे हेच कारण आहे. इंजिन बदलायचे तर परवानगी लागते. गावोगावी ती किती जणांनी घेतली असेल याचा अंदाज वाचक करू शकतील.

शिक्षकांसाठी एक सूचना. नांदेडला काय किंवा लातूरला काय, भंगाराच्या दुकानात उघडी पडलेली पेटी मिळतेच. आतले तेल पुसून घ्यावे, एकमेकांत अडकलेल्या चक्रांचे दात मुलांना मोजू द्यावेत, आणि दोन्ही जोड्यांच्या भागाकारांचा गुणाकार करून पहिल्या गिअरचे गुणोत्तर काढायला सांगावे. मग खडूने खूण करून आत येणारा शाफ्ट हाताने फिरवावा आणि बाहेरचा एक फेरा होईपर्यंत आतले फेरे मोजावेत. दोन्ही उत्तरे जुळतात. तुटलेला दात सापडला तर तो भिंगाखाली ठेवावा. थकून तुटलेल्या दाताच्या मुळाशी बहुतेक वेळा एक भाग गुळगुळीत, लाटांच्या रेषांसारखा दिसतो आणि उरलेला खडबडीत. गुळगुळीत भाग महिनोन्‌महिने हळूहळू सरकत गेलेल्या भेगेचा, आणि खडबडीत भाग शेवटच्या एका क्षणाचा.